साथीचे चाचणीसंच आणि शेअरबाजारातील सट्टा

साथीच्या काळात समाजाला ज्या वस्तूची निकड सर्वाधिक भासते, ती वस्तू तयार करणाऱ्या कंपनीला अमाप नफा होणारच, ही समजूत वरकरणी इतकी स्वाभाविक वाटते की ती तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. २०२० साली कोरोना विषाणूच्या साथीने जगभरचे व्यवहार ठप्प केले, तेव्हा संसर्गाचे झटपट निदान करणाऱ्या चाचणीसंचांची गरज प्रत्येक देशाला होती. त्याच सुमारास घरी अडकून पडलेल्या, हाती थोडीफार शिल्लक असलेल्या आणि वेळ मात्र भरपूर असलेल्या सामान्य गुंतवणूकदारांचे लक्ष असे संच विकसित करणाऱ्या लहानसहान कंपन्यांकडे वळले. ज्यांची नावे त्यांनी आधी कधी ऐकली नव्हती, त्या कंपन्यांचे शेअर त्यांनी चढत्या भावाने घेतले. पुढील चार वर्षांत यांपैकी बहुतेक कंपन्यांचे जे झाले त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. एखादी चाचणी समाजाला उपयोगी आहे की नाही हा एक प्रश्न आहे, आणि ती करणाऱ्या कंपनीचा शेअर आजच्या भावाने घेण्याजोगा आहे की नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले म्हणून दुसऱ्याचेही तसेच येईल असे मानणे, ही या सट्ट्यातील मूळ चूक होय.

दोन ब्रिटिश कंपन्या

लंडनच्या शेअरबाजारात लहान कंपन्यांसाठी एक वेगळा विभाग आहे. त्यात नोंदलेल्या नोव्हासिट या ब्रिटिश-फ्रेंच कंपनीचा शेअर २०२० च्या प्रारंभी पंधरा पेन्सांच्या आतबाहेर होता. कोरोनाची प्रयोगशाळेत करावयाची चाचणी या कंपनीने लवकर बाजारात आणली, ब्रिटिश सरकारकडून तिला मोठी मागणी मिळाली, आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबरात तोच शेअर दहा पौंडांच्या वर गेला. ही वाढ निव्वळ हवेतली नव्हती. कंपनीची विक्री २०१९ मध्ये सुमारे १ कोटी १५ लाख पौंडांची होती, ती २०२० मध्ये सुमारे २७ कोटी ७० लाख पौंडांवर गेली. माल खरा होता, गिऱ्हाईक खरे होते आणि नफाही खरा होता.

परंतु गिऱ्हाईक मुख्यतः एकच होते. एप्रिल २०२१ मध्ये आरोग्य खात्याशी दुसऱ्या कंत्राटाविषयी वाद उद्भवल्याचे कंपनीने जाहीर केले आणि शेअरचा भाव कोसळला. सरकारने १३ कोटी पौंडांहून अधिक रकमेचा दावा लावला, कंपनीने प्रतिदावा केला, आणि जून २०२४ मध्ये कंपनीने ५० लाख पौंड देऊन तडजोड केली. तडजोड कंपनीच्या दृष्टीने वाईट नव्हती. परंतु तोपर्यंत शेअर एका पौंडाच्याही खाली उतरलेला होता. शिखरावर ज्यांनी तो घेतला त्यांच्या दर दहा पौंडांतील नऊहून अधिक पौंड गेलेले होते.

दुसरे उदाहरण यॉर्कशायरमधील अव्हॅक्टा या कंपनीचे. तिचा मूळ उद्योग कर्करोगावरील औषधांच्या संशोधनाचा. परंतु २०२० मध्ये पट्टीवर काही मिनिटांत निकाल देणारी झटपट चाचणी विकसित करण्याचे तिने हाती घेतले. वीस पेन्सांच्या आसपास रेंगाळणारा तिचा शेअर वर्षभरात दोन पौंडांच्या वर गेला. चाचणी मात्र बाजारात यायला २०२१ चा मध्य उजाडला. तोवर ब्रिटिश सरकारने चीनमध्ये तयार झालेले स्वस्त संच प्रचंड संख्येने घेऊन लोकांना फुकट वाटले होते. पुढे ओमायक्रॉन हा विषाणूचा नवा प्रकार आला. तो अल्प प्रमाणात असताना आपली चाचणी तो पुरेशा खात्रीने पकडीत नाही असे आढळल्यावर कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये विक्री थांबविली. विक्री थांबविणे हे कंपनीचे प्रामाणिक कृत्य होते. परंतु दीड-दोन वर्षे ज्या चाचणीच्या वाटेकडे डोळे लावून लोकांनी शेअर बाळगले, तिचे बाजारातील आयुष्य काही महिन्यांचेच ठरले.

मागणी आणि नफा

यात कोणा व्यक्तीचा दोष शोधण्यापूर्वी या मालाचे अर्थशास्त्र समजून घेतले पाहिजे. नायट्रोसेल्युलोजची पट्टी, तिच्यावर बसविलेली प्रतिपिंडे, रंग दाखविणारे सोन्याचे सूक्ष्म कण आणि प्लॅस्टिकचे आवरण, एवढ्यावर झटपट चाचणी उभी राहते. घरगुती गर्भचाचणीत हेच तंत्र कित्येक वर्षे वापरात आहे. विषाणूला नेमके ओळखणारे प्रतिपिंड तयार करणे हे कौशल्याचे काम खरे, परंतु ते जगातील अनेक प्रयोगशाळांना साधते. ज्या धंद्यात शिरकाव सोपा, त्या धंद्यात आरंभीचा अवाच्या सव्वा नफा टिकत नाही. जून २०२० मध्ये भारतात पहिली झटपट प्रतिजन चाचणी आली तेव्हा तिची किंमत सुमारे ४५० रुपये होती. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबने घरच्या घरी करावयाची चाचणी २५० रुपयांना आणली. ग्राहकाच्या दृष्टीने ही स्वस्ताई स्वागतार्हच होय. परंतु गिऱ्हाइकाची जी बचत होते, ती उत्पादकाच्या नफ्यातून वजा होते, हे शेअर घेणाऱ्याने विसरून चालत नाही.

शिवाय ही मागणी मुळातच अल्पजीवी असते. साथ ओसरणे ही समाजाच्या दृष्टीने आनंदाची वार्ता, तर चाचणीसंचाच्या कारखान्याच्या दृष्टीने ते संकट. इंग्लंडमध्ये सर्वांना फुकट संच देण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून बंद झाली आणि एका सरकारी निर्णयाने बाजाराचा मोठा भाग नाहीसा झाला. वाढती मागणी पाहून कंपन्यांनी कारखाने वाढविले, नोकरभरती केली, कच्च्या मालाचे साठे केले. मागणी आटताच तोच विस्तार त्यांच्या गळ्याशी आला.

अमेरिकेतील ल्युसिरा हेल्थ या कंपनीची कथा या दृष्टीने फार बोलकी आहे. नमुना घेण्यापासून निकाल वाचण्यापर्यंत सर्व काही घरी करता येईल अशा कोरोना चाचणीला तेथील औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२० मध्ये प्रथम परवानगी दिली, ती याच कंपनीला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिने १७ डॉलरांना एक याप्रमाणे शेअर विकून सुमारे १५ कोटी ३० लाख डॉलर उभे केले. कोरोना आणि फ्लू या दोहोंचे एकत्र निदान करणारी घरगुती चाचणीही तिने तयार केली. २२ फेब्रुवारी २०२३ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला आणि दोनच दिवसांनी, २४ फेब्रुवारीस, त्या नव्या चाचणीला परवानगी मिळाली! पुढे एका मोठ्या औषध कंपनीने तिची मालमत्ता सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलरांना घेतली. चाचणी यशस्वी झाली, भागधारक मात्र बुडाला. उपयुक्तता आणि लाभ यांतील अंतर याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण सापडणे कठीण.

टक्केवारीची भूल

सामान्य गुंतवणूकदार अशा कंपनीच्या घोषणेत एक आकडा शोधतो: चाचणी किती टक्के अचूक? ९८ टक्के हा आकडा दिसला की त्याला हायसे वाटते. परंतु हा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. रोगी असलेल्यांपैकी किती जणांना चाचणी पकडते हे एक माप, आणि निरोगी असलेल्यांपैकी किती जणांना ती निरोगी ठरविते हे दुसरे. समजा, एक हजार लोकांच्या वस्तीत दहा जणांना संसर्ग आहे. चाचणी रोग्यांपैकी ८० टक्के पकडते आणि निरोग्यांपैकी ९८ टक्क्यांना योग्य उत्तर देते. तर दहापैकी आठ रोगी सापडतील. परंतु ९९० निरोगी लोकांपैकी सुमारे वीस जण विनाकारण रोगी ठरतील. म्हणजे चाचणीने ज्या अठ्ठावीस जणांना रोगी म्हटले, त्यांतील वीस निरोगीच असतील. हीच चाचणी साथ ऐन भरात असलेल्या वस्तीत पुष्कळ उपयोगी ठरेल आणि साथ ओसरल्यावर तिचा उपद्रवच अधिक होईल.

शिवाय हे आकडे किती नमुन्यांवरून काढले, ते नमुने रुग्णालयातील गंभीर रोग्यांचे होते की रस्त्यावरील लोकांचे, तपासणी कंपनीने स्वतः केली की त्रयस्थ संस्थेने, यांवर सारे अवलंबून असते. ही माहिती घोषणेत क्वचितच पूर्णपणे दिलेली असते, आणि दिली तरी ती पारखण्याचे शिक्षण शेअर घेणाऱ्या शिक्षकाला, दुकानदाराला किंवा निवृत्त कर्मचाऱ्याला मिळालेले नसते. म्हणून तो चाचणीचा विचार सोडून देतो आणि शेजाऱ्याचा विचार करू लागतो. केन्स यांनी १९३६ च्या आपल्या ग्रंथात वृत्तपत्रांतील सौंदर्यस्पर्धेचा जो दृष्टान्त दिला आहे तो येथे तंतोतंत लागू पडतो. स्पर्धकाने आपल्याला सुंदर वाटणारा चेहरा निवडावयाचा नसतो, तर इतर स्पर्धक कोणता निवडतील हे ओळखावयाचे असते. चाचणी विषाणू पकडील काय, हा प्रश्न मागे पडतो; उद्याची घोषणा वाचून आणखी कोणी हा शेअर घेईल काय, एवढाच प्रश्न उरतो.

पैसा कोणाकडे जातो?

सट्ट्याचे समर्थन करणारे असे म्हणतात की, या उत्साहामुळेच संशोधनाला भांडवल मिळते आणि काही जण बुडाले तरी समाजाला चाचणी मिळते. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. अव्हॅक्टाने जून २०२० मध्ये नवे शेअर विकून सुमारे ४ कोटी ८० लाख पौंड उभे केले. तो पैसा कंपनीच्या कामी आला. परंतु नवा शेअर विकत घेणे आणि जुना शेअर विकत घेणे यांत मोठा फरक आहे. बाजारात रोज जे हातबदल होतात, त्यांतील पैसा घेणाऱ्याकडून विकणाऱ्याकडे जातो. प्रयोगशाळेत त्यातील एक पैसाही पोचत नाही. दोन पौंडांना शेअर घेणाऱ्याला आपण विज्ञानाला हातभार लावीत आहोत असे वाटत असले, तरी वस्तुतः वीस पेन्सांना घेऊन बसलेल्या चतुर माणसाला तो बाहेर पडण्याची वाट करून देत असतो.

आणि खरा धोका ज्याने पत्करला तो बहुतांशी सार्वजनिक खजिना होता. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेने एप्रिल २०२० मध्ये चाचण्यांच्या जलद विकासासाठी १५० कोटी डॉलरांची योजना जाहीर केली. सान दिएगोच्या क्यू हेल्थ या कंपनीला अमेरिकेच्या संरक्षण खात्याने त्याच वर्षी ४८ कोटी १० लाख डॉलरांचे कंत्राट दिले. या कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये १६ डॉलरांना एक याप्रमाणे शेअर विकले. मे २०२४ मध्ये तिच्या चाचण्या वापरू नयेत असा इशारा औषध प्रशासनाने दिला, आणि त्याच महिन्यात कंपनीने आपला कारभार गुंडाळला. करदात्याने पैसा दिला त्याबदल्यात त्याला निदान संकटकाळी चाचण्या तरी मिळाल्या. भागधारकाच्या हाती काय उरले?

लबाडीचा भाग

वरील सर्व कंपन्यांजवळ काही ना काही खरा माल होता. ज्यांच्याजवळ तोही नव्हता अशांनीही या संधीचा लाभ उठविला, हे सांगितलेच पाहिजे. अमेरिकेच्या रोखे आयोगाने फेब्रुवारी २०२० मध्येच गुंतवणूकदारांना अशा घोषणांविषयी सावध केले होते, आणि नंतरच्या काही महिन्यांत अनेक लहान कंपन्यांच्या शेअरांचे व्यवहार तात्पुरते बंद ठेवले. कॅलिफोर्नियातील अरेइट या कंपनीच्या प्रमुखाला, रक्ताच्या थेंबावरून करावयाच्या चाचण्यांविषयी खोटे दावे केल्याबद्दल, २०२२ मध्ये दोषी ठरविण्यात आले आणि २०२३ मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली. डिसिजन डायग्नोस्टिक्स या दुसऱ्या कंपनीने तर रक्ताच्या थेंबावरून मिनिटाच्या आत निदान करण्याची घोषणा केली होती. प्रत्यक्षात अशी चाचणी सिद्धच झालेली नव्हती. तिच्या प्रमुखाने २०२३ मध्ये न्यायालयापुढे गुन्हा कबूल केला.

लबाडांना शिक्षा झाली हे योग्यच. परंतु लबाडी हेच सर्व नुकसानीचे कारण होते असे मानून समाधान करून घेता येणार नाही. लबाडांच्या फसवणुकीत जे बुडाले ते बुडालेच. परंतु प्रामाणिक कंपन्यांच्या शेअरांत, कोणीही फसविलेले नसताना, जे बुडाले त्यांची दाद कोणत्याही न्यायालयात लागत नाही.

मुंबईचा जुना धडा

मुंबईकराला तरी हा प्रकार अपरिचित वाटू नये. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर बँका, वित्तसंस्था आणि बॅकबेची खाडी बुजविणाऱ्या कंपन्या धडाधड निघाल्या. त्यांच्या शेअरांचे भाव दर्शनी किमतीच्या कित्येक पट चढले. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापसाचा भाव उतरला आणि सारा डोलारा कोसळला. त्या पडझडीतून बँक ऑफ बॉम्बेदेखील सावरली नाही. कापूस खोटा नव्हता, गिरण्यांची गरजही खोटी नव्हती. दूर देशीच्या संकटातून निर्माण झालेली मागणी कायमची आहे असे समजून भाव दिला गेला, एवढीच चूक होती. युद्धाच्या जागी साथ आणि कापसाच्या जागी चाचणीसंच घातला की २०२० ची कथा तयार होते.

आपल्याकडील चित्र

भारतात या सट्ट्याची झळ तुलनेने कमी बसली, ती मात्र शहाणपणामुळे नव्हे. कोरोनाच्या पहिल्या देशी चाचणीसंचाला मार्च २०२० मध्ये मान्यता मिळाली ती पुण्याच्या मायलॅबला. गोव्यात वेर्णे येथे कारखाना असलेल्या मॉलबायोची ट्रूनॅट यंत्रेही एप्रिलपासून कामास लागली. परंतु त्या वेळी या दोन्ही कंपन्या शेअरबाजारात नोंदलेल्या नव्हत्या. सामान्य माणसाला त्यांचे शेअर घेण्याची सोयच नव्हती. ट्रूनॅटचे उदाहरण आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. ते यंत्र साथीच्या उमेदीवर जन्मलेले नव्हते. अनेक वर्षांच्या खटपटीतून ते क्षयरोगाच्या निदानासाठी सिद्ध झाले होते आणि साथ येताच ते कोरोनाकडे वळविता आले. साथ गेली तरी क्षयाचे रोगी, दुर्दैवाने, राहिलेच आहेत. म्हणून त्या यंत्राचे कामही राहिले.

आपल्याकडचा कटू अनुभव निराळा होता. एप्रिल २०२० मध्ये चीनहून आणलेले प्रतिपिंड-चाचणीचे संच बेभरवशाचे ठरल्याने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला राज्यांना ते परत करण्यास सांगावे लागले. आयातीच्या वेळी २४५ रुपयांना पडणारा संच ६०० रुपयांना विकला जात होता, ही गोष्ट दिल्ली उच्च न्यायालयापुढील वादात उघड झाली आणि न्यायालयाने ४०० रुपयांची मर्यादा घातली.

पुढच्या खेपेस मात्र परिस्थिती अशीच राहील असे धरून चालता येणार नाही. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डीमॅट खाती होती. दोनच वर्षांत ती ९ कोटींच्या घरात गेली आणि त्यानंतरही ती वाढतच राहिली आहेत. तालुक्याच्या गावी बसलेला तरुण आज हातातल्या फोनवरून क्षणात शेअर घेतो. नवी साथ आली आणि एखाद्या नोंदलेल्या कंपनीने झटपट चाचणीची घोषणा केली, तर लंडनमध्ये जे घडले ते येथे घडण्यास आडकाठी कोणती?

काय करावयास हवे?

सट्ट्यावर बंदी घालणे शक्य नाही आणि इष्टही नाही. परंतु घोषणा करणाऱ्याकडून पूर्ण माहिती मागणे शक्य आहे. महत्त्वाची घटना बाजाराला तातडीने कळविण्याचे बंधन सेबीच्या नियमांनी नोंदलेल्या कंपन्यांवर घातलेलेच आहे. त्यात वैद्यकीय चाचण्यांपुरती स्पष्ट भर घालावी. किती नमुने तपासले, रोगी किती व निरोगी किती, तपासणी कोणी केली, औषध नियंत्रकाचा परवाना मिळाला आहे की केवळ अर्ज केला आहे, आणि ज्या मागणीचा उल्लेख आहे ती पक्की आहे की नुसती बोलणी चालू आहेत, या पाच गोष्टी घोषणेच्या पहिल्या परिच्छेदात असल्याच पाहिजेत. त्या नसतील तर खुलासा होईपर्यंत त्या शेअरचे व्यवहार थांबवावेत. संशोधन परिषदेने ज्या संचांची पारख केली, त्यांचे निकाल, उत्तीर्ण व अनुत्तीर्ण दोन्ही, नमुन्यांच्या संख्येसह तत्काळ प्रसिद्ध करावेत. त्याने गुंतवणूकदाराचे रक्षण होईल आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे रोग्याचेही.

दुसरे, संकटकाळी चाचणी हवी तर तिचा धोका सरकारने उघडपणे पत्करावा. ठरावीक दर्जाचे, ठरावीक संख्येचे संच ठरावीक किमतीला घेण्याची हमी आधी द्यावी. अशा हमीवर कारखाना उभा राहतो. शेअरच्या चढत्या भावावर तो उभा राहत नाही.

राहता राहिला गुंतवणूकदार. त्याने शेअर घेण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारावे की, ही साथ उद्या संपली तर ही कंपनी काय विकील? या प्रश्नाला धड उत्तर नसेल, तर तो जे घेत आहे ते चाचणीचे भवितव्य नसून साथ लांबण्यावरची पैज आहे. ती पैज हरण्यातच समाजाचे आणि त्याचे स्वतःचेही हित आहे; मग ती लावण्यासाठी घरातील शिल्लक मोडण्याचे कारण उरत नाही.